मागची बाजू

सरांनी पहिल्या दिवशी मला पेन्सिल हातात घेऊच दिली नाही. खोलीच्या मधोमध एक तिपाई होती, तिच्यावर पांढरं फडकं आणि फडक्यावर एक अंडं.

"याच्याभोवती फिर," सर म्हणाले.

मी एक फेरी मारली आणि थांबले.

"थांबलीस कशाला? फिर की."

मी फिरत राहिले. सर खिडकीशी बसून सुपारी कातरत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली. "काय दिसलं?"

"अंडं."

"ते तू घरनंच घेऊन आलीस. इथं काय दिसलं?"

मी पुन्हा अंड्याकडे बघितलं. तेव्हा ते उठले, माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला खिडकीकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाले, "उजेड तुझ्या पाठीमागनं येतोय. अंड्याच्या पोटाखाली बघ. तिथं काळं आहे म्हणतीस, पण काळं नाही ते. फडक्याचा पांढरा उजेड खालनं वर चढलाय. दिसला? आता पलीकडं जाऊन ये. मागं काय आहे ते कळल्याशिवाय पुढचं काढायचं नाही."

असे कितीतरी दिवस गेले. मला डिझाइनच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा द्यायची होती. कोप्पीकर रोडवरच्या क्लासात माझ्या मैत्रिणी कुठल्या प्रश्नाला कुठलं चित्र काढायचं ते पाठ करत होत्या, आणि मी हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात एका माडीवर अंड्याला प्रदक्षिणा घालत होते. आमचे अण्णा रोज दुकान बंद करून घरी आले की विचारायचे, "आज तरी काढलंस काय काही?"

दुर्गदबैलात आमचं कापडाचं दुकान. आजोबा मिरजेकडून इकडे आले ते इथलेच झाले. सरांचा क्लास आमच्या दुकानाच्या थोडा पुढे, भांड्याच्या दुकानाच्या माडीवर होता. पुढच्या खोलीत क्लास; मागच्या दोन खोल्यांत सर, त्यांची बायको आणि मुलगा. खाली हातगाड्या, रिक्षा, पितळेची खणखण, आणि वर ते अंडं. बाजारात सगळे त्यांना 'तत्ती मास्तर' म्हणत. आमच्याकडच्या कन्नडात तत्ती म्हणजे अंडं. खालचा हमाल पोतं उतरवता उतरवता वर बघून ओरडायचा, "मास्तर, तत्ती हेंगैति री?" कसं आहे अंडं? सर खिडकीतून वाकून अगदी गंभीरपणे उत्तर द्यायचे, "इन्ना बंदिल्लप्पा." अजून जमलं नाही बाबा. त्यात थट्टा नव्हती. त्यांना खरंच तसं वाटायचं.

पूर्वी ते एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. ती नोकरी त्यांनी मधेच सोडून दिली. का सोडली विचारलं की म्हणायचे, "तिथं सगळी पोरं दोन डोंगर काढायची आणि मधे सूर्य. हुबळीत कुणी बघितलाय असला सूर्य? त्या डोंगरांना मागची बाजूच नव्हती. कागद उलटा केला की संपला डोंगर."

त्यांचे दोनच शब्द होते. एक घेर आणि दुसरा अंग. घेर म्हणजे वस्तूची गोलाई, तिची खोली, ती जागा किती अडवते ते. अंग म्हणजे तिची कातडी: खरखरीत, गुळगुळीत, भेगाळलेली, ओलसर. घेरासाठी अंडं, तांब्या, नळकांडं, गाजर. रेघा घेराच्या बाजूनं वळवायच्या, दोरी गुंडाळत जावी तशा. "सरळ रेघ मारलीस की तांब्याची फळी झाली बघ." अंगासाठी नारळ, तरटाचा तुकडा, दोडका, गंजका पत्रा, झिजलेली चप्पल, ज्वारीची भाकरी. कागदावर चौकोन आखायचे आणि एकेका चौकोनात एकेका वस्तूचं अंग उतरवायचं. पण त्याआधी डोळे मिटून ती वस्तू चाचपायची. "बोटांना कळू दे आधी. डोळे आगाऊ असतात, त्यांना सगळं ठाऊक असतं."

कुणी घाईनं काळं फासलं की विचारायचे, "कोळसा सांडला काय?" कुणाचं चित्र नुसतं ओळखीचं आलं की कागद दूर धरून म्हणायचे, "हे तू बघितलंस की वाचलंस?" आणि चित्र खरंच चांगलं आलं तर काहीच बोलायचे नाहीत, फक्त सुपारीचं खांड पुढे करायचे. ते खांड मिळालं की आम्ही घरी सांगायचो.

अंड्यावरून घरात भांडण होतं. सरांची बायको, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, सोवळ्याओवळ्यातल्या. अंडं मधल्या दारापलीकडे येता कामा नये, असा त्यांचा कायदा. एका उन्हाळ्यात ते अंडं इतके दिवस तिपाईवर राहिलं की चालू क्लासात फुटलं. फट् असा आवाज झाला आणि त्या वासानं पोरं जिन्यावरून धडाधड खाली पळाली. सर मात्र जागचे हलले नाहीत. "बसा की!" ते ओरडले, "आता आतली बाजू दिसायला लागली, आता कुठं पळता?" मी ओढणी नाकाला बांधून बसले. टरफलाच्या आतला तो फिकट, चुन्यासारखा अंधार मी त्या दिवशी काढला. अक्कांनी मधल्या दारातूनच फिनेलची बाटली पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "हे माणूस एक दिवस मला पण तिपाईवर बसवणार बघ."

पण माणसं त्यांनी कधीच बसवली नाहीत. सरांच्या क्लासात तोंड काढायला बंदी होती. एकदा एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. परीक्षेला चेहरा येतो, तेवढा शिकवा म्हणाले. सरांनी हात जोडले. "मलाच येत नाही अजून."

"असं काय म्हणता मास्तर, इतकी वर्षं शिकवताय."

"म्हणून तर म्हणतो. अंड्याचा घेर मला अजून कळला नाही. माणसाचं डोकं म्हणजे किती अंडी एकात एक बसवलेली, ठाऊक आहे काय? त्याच्यावर पुन्हा अंग. आणि ते बघायला लागलं की बदलतं."

ते गृहस्थ मुलीला घेऊन कोप्पीकर रोडला गेले.

सरांच्या मुलाला याची फार गंमत वाटायची. विनू त्याचं नाव. धारवाडजवळ बेलूरला एका कारखान्यात कामाला होता, पाळी संपली की मोटरसायकलवरून बायपासनं यायचा. सावळा, दणकट, हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण, गालांवर मुरुमांचे खड्डे. जिना चढताना त्याचा आवाज आधी यायचा. क्लासातून आत जाता जाता तिपाईवरच्या वस्तूला टपली मारायचा.

"अप्पा, या दोडक्याला बसवून घेता. मला कधी?"

"दोडका हलत नाही."

"मी पण नाही हलणार. काढा की एक चित्र माझं. आईला तरी दाखवू."

"थांब. अजून वेळ आली नाही."

"तोवर म्हातारा होईन की मी."

"हो म्हातारा. मग अंग चांगलं येईल तुझ्या तोंडाला."

आम्ही सगळे हसलो. विनू सगळ्यात मोठ्यानं हसला. आतून अक्का म्हणाल्या, "चहा गार होतोय," आणि तो गाल चोळत आत गेला.

परीक्षा मी पास झाले. कॉलेज संपवून परत हुबळीला आले आणि इथंच एका कंपनीत लागले. परदेशातल्या फर्निचरच्या दुकानांसाठी संगणकावर खुर्च्या-टेबलं तयार करायची. गिऱ्हाइकानं बोट फिरवलं की खुर्ची फिरते, मागून दिसते, खालून दिसते, लाकडाच्या रेषा, कापडाची वीण, सगळं. हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी सुपारी पुढे केली होती. तोवर त्यांच्याकडे येणारी मुलं कमी होत होत जवळजवळ संपली होती. पण तिपाईवर काहीतरी असायचंच, आणि सर एकटेच त्याच्यापुढे बसलेले दिसायचे.

विनू गेला तो बायपासवर. सकाळच्या पाळीला चालला होता, उभ्या ट्रकला मागून धडकला. डोक्याला मार होता. दवाखान्यातून आणला तो गुंडाळूनच. लोकांनी सरांना तोंड बघू दिलं नाही, अक्कांना तर जवळच जाऊ दिलं नाही. मी आणि अण्णा गेलो होतो. सर भिंतीला टेकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होते, "तुम्ही बघितलं काय त्याला?"

दिवस झाले, पाहुणे गेले. मग एका दुपारी सरांचा फोन आला. "ये जरा." मी गेले तर पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. फरशीवर, भिंतींना, खुर्च्यांवर कागदच कागद, आणि सगळ्यांवर विनू. ज्या माणसानं जन्मात तोंड काढलं नव्हतं तो उठल्यापासून दिवस मावळेपर्यंत तेच काढत होता.

"बघ," ते म्हणाले.

मी बघितलं. हात अजून तयार होता, रेघ कुठंही चुकली नव्हती. मी म्हणाले, "सर, ओळखू येतो."

"ओळखू येतो," ते म्हणाले. "डोळे आहेत, नाक आहे. पण ते कशावर आहेत? डोकं कुठंय?"

विनूचे फोटो नव्हते असं नाही. मित्रांनी ढीगभर पाठवले होते. पण सगळे समोरून. एकमेकांच्या गळ्यात हात टाकून, दात काढून, हात लांब करून काढलेले. बाजूनं एक नाही, मागून एक नाही. आणि फोननं सगळ्यांचे चेहरे घासूनपुसून गोरे गुळगुळीत केलेले. सरांनी एक फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला. "खड्डे कुठं गेले? हनुवटीवरची खूण कुठंय? कातडीच नाही ग याच्यावर. लोणी फासल्यासारखं केलंय पोराला."

"तुम्हाला आठवत असेल की, सर."

त्यांनी फोन पालथा ठेवला. मग म्हणाले, "दोडका मला पाठ आहे. डोळे मिटून सांगतो कुठली शीर कुठं वळते. याला मी कधी बघितलंच नाही बघ. होता म्हणून नाही बघितलं."

एकेक चित्र पुरं झालं की ते मधल्या दारात घेऊन जायचे. "अगं, हा काय?" सुरुवातीला अक्का पदरानं डोळे पुसून नीट बघायच्या. कान जरा पुढं होते म्हणायच्या, कपाळ रुंद होतं म्हणायच्या. सर कान पुढे घ्यायचे, कपाळ रुंद करायचे. पुन्हा दारात. "आता?" अक्का मान हलवायच्या. मग पुढे पुढे त्या न बघताच मान हलवायला लागल्या.

एका रविवारी मी तिथं होते. सरांनी अक्कांना पुढच्या खोलीत बोलावून खुर्चीवर बसवलं.

"तू त्याच्या डोक्याला तेल लावायचीस."

"लहान होता तेव्हा."

"मोठा झाल्यावर पण. दिवाळीला लावलं होतंस की. मी बघितलंय."

"लावलं असेल."

"मग हातांना ठाऊक आहे. डोळे मीट. मागनं डोकं धरायचीस तसे हात धर."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात वर केले. तळवे एकमेकांसमोर आले, बोटं थोडी वाकली. एखादं जड, आवडतं काही ओंजळीत घ्यावं तसे ते हात हवेत थांबले. एक अंगठा हळूच हलला, कानामागचे केस सारावेत तसा. आणि मला एकदम दिसलं. त्या हातांच्या मधल्या रिकाम्या जागेत त्याचं डोकं होतं. सरांनाही दिसलं असणार, कारण ते एकदम पुढे सरकले.

मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि माप घ्यायला ती अक्कांच्या दोन तळव्यांच्या मधे धरली.

लाकडाचा स्पर्श झाला तशा अक्का किंचाळल्या. हात छातीशी घेऊन त्या उठल्या. "बास करा! बास! इथं पण शिरता?" मधलं दार त्यांनी लावून घेतलं. सर पेन्सिल तशीच हवेत धरून उभे राहिले.

त्यानंतर त्यांनी मला दुकानात येऊन गाठलं. अण्णा गिऱ्हाइकाला कापड फाडून देत होते. सर पायरीवर उभे राहूनच म्हणाले, "तुझ्या त्या खुर्च्या फिरतात ना? माणूस फिरतो काय?"

मी त्यांना समजावून सांगितलं. फोटोवरून डोकं तयार होतं. पण फोटोत जे नसतं ते यंत्र आपल्या अंदाजानं भरतं.

"भरू दे."

"सर, तो अंदाजच असेल."

"माझं तरी काय आहे? भरू दे."

मी खुर्च्या-टेबलांतली. डोक्यांचं काम येणाऱ्या एका सहकाऱ्याची मदत घेतली. सगळे फोटो त्यात घातले. गालांवरचे खड्डे आणि हनुवटीवरची खूण मी स्वतः घातली; सर शेजारी बसून सांगत होते, कुठं खोल, कुठं उथळ. डोकं तयार झालं तेव्हा मीच खुर्ची मागे सरकवली.

सकाळच्या उजेडात, त्याच खोलीत, मी टॅबलेट तिपाईवर ठेवला. अक्काही आल्या. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. पडद्यावर विनू समोर बघत होता. अक्कांच्या तोंडून नुसतं "अगबाई" एवढंच बाहेर पडलं आणि त्या खाली बसल्या. सर हलले नाहीत. मी बोटानं डोकं हळूहळू फिरवायला लागले. गाल आला, कान आला, मानेचं वळण आलं. सरांचे ओठ हलत होते. मग डोक्याची मागची बाजू आली आणि सरांनी माझा हात धरला.

"हे कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे?"

"हे मागचं. हे डोकं कुणाचं आहे?"

मी म्हणाले, "कुणाचंच नाही, सर. खूप लोकांच्या डोक्यांवरून ते अंदाजानं करतं."

"कुणाचंच नाही," सर म्हणाले. त्यांनी माझा हात सोडला.

मी डोकं पुन्हा समोर आणलं. तोवर अक्का पुढे सरकल्या होत्या. कपाळावर एक केसांची बट आली होती, ती आम्ही फोटोवरूनच घेतली होती. अक्कांनी ती सारायला बोट पुढे केलं. काचेला बोट लागताच डोकं गर्रकन फिरलं. विनूनं आईकडे पाठ केली. ती पाठही त्याची नव्हती.

अक्कांनी भाजल्यासारखं बोट मागे घेतलं. "चुकून लागलं," त्या मला म्हणाल्या, जणू त्यांनी माझी वस्तू मोडली होती. मी टॅबलेट बंद केला. खाली भांडीवाला हंडे रचत होता.

पुढे क्लासाची पाटी उतरली. सरांनी काढणं थांबवलं, असं अण्णांनी सांगितलं. कागदांचं काय झालं ते मी विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं, आता तरी दोघं जरा शांत होतील. फार दिवसांनी माझ्या लग्नाचं बोलावणं करायला मी गेले. अक्कांनी लाडू आणि चहा दिला. सर मागच्या खोलीत पलंगावर बसले होते. हात मांडीवर होते, तळवे वर. मी समोर बसले तेव्हा त्यांनी मला ओळखलं, हसलेही. नवऱ्याचं गाव विचारलं. मग मधेच म्हणाले, "तुला एक सांगू काय? आता तो दिसत नाही."

"कोण, सर?"

"विनू. आधी डोळे मिटले की दिसायचा. पुसट का होईना, दिसायचा. आता डोळे मिटले की मी काढलेलेच येतात. एकामागून एक. हा नाही, हा नाही म्हणत बसतो. त्यांच्या मागं तो कुठं गेला, सापडत नाही." ते अगदी साध्या आवाजात बोलत होते, हरवलेल्या छत्रीबद्दल बोलावं तसं. "माझ्या हातानंच बुजवला बघ मी त्याला."

अक्का दारात उभ्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे मान वळवली.

"तुला दिसतो काय अजून?"

अक्कांनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"दिसतो की नाही तेवढं सांग."

"दिसतो."

सर पलंगाच्या काठावर पुढे सरकले. "कसा दिसतो?"

अक्कांनी तोंड उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं, आता त्या सांगणार असं वाटलं. मग त्यांनी सरांच्या हातांकडे बघितलं.

"नाही सांगायची," त्या म्हणाल्या. "सांगितलं की तुम्ही काढाल."

"नाही काढणार. शप्पथ."

अक्का वाकल्या, माझ्यापुढची कपबशी उचलली आणि आत गेल्या. सर दाराकडे बघत बसून राहिले. मी निघाले तरी ते तसेच बसले होते.